गणिताच्या प्राध्यापकाचे दान

बालाघाटच्या डोंगररांगेवर, आजच्या बीड जिल्ह्यातील अंबाजोगाई तालुक्यात, घाटनांदूर नावाचे गाव आहे. परळीहून लातूर रोडकडे जाणाऱ्या आगगाडीच्या मार्गावरील हे एक स्थानक. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हा सर्व मुलूख हैदराबादच्या निजामाच्या अमलाखाली होता. त्या काळी घाटनांदूरसारख्या गावातील, घरी मराठी बोलणाऱ्या मुलाने आपल्याच राज्यात वरच्या शिक्षणाची आकांक्षा धरली, तर त्याच्या वाटेवर मुख्यतः एकच मोठे विद्यामंदिर होते. ते म्हणजे १९१८ साली हैदराबादेस स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठ. देशी भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा तो एक थोर उपक्रम होता, यात शंका नाही. परंतु ती भाषा उर्दू होती आणि त्या मुलाची मातृभाषा मराठी होती. त्या विद्यापीठामागे राजाचे फर्मान होते आणि राज्याची तिजोरी होती.

याच्या दोनच वर्षे आधी, १९१६ साली, पुण्यास आणखी एक विद्यापीठ जन्मास आले होते. तेही देशी भाषेतूनच शिकविणार होते, आणि ती भाषा मराठी होती. मात्र ते होते केवळ स्त्रियांसाठी. त्याच्यामागे ना फर्मान होते, ना तिजोरी. त्याच्यामागे होती एका सेवानिवृत्त गणित-शिक्षकाची जमाखर्चाची वही. एका बाजूस राजाचे दान आणि दुसऱ्या बाजूस पगारदार माणसाचे दान, अशी ही दोन उदाहरणे एकाच काळातील आहेत. राजाच्या दानाचा इतिहास फर्मानांत आणि शिलालेखांत सापडतो. पगारदाराच्या दानाचा इतिहास सहसा कोणी लिहीत नाही, कारण ते दान रुपया-आण्यांचे असते. धोंडो केशव कर्वे यांचे चरित्र या दृष्टीने फिरून पाहण्यासारखे आहे. स्त्रीशिक्षणाचे आणि विधवाविवाहाचे पुरस्कर्ते म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो. परंतु मुंबई विद्यापीठाचा एक पदवीधर आणि त्याच विद्यापीठास जोडलेल्या महाविद्यालयाचा एक नोकर या नात्याने त्यांनी देण्याची जी रीत घालून दिली, तिचा विचार त्या मानाने कमी होतो.

कर्वे यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील शेरवली या आजोळच्या गावी झाला. त्यांचे घर दापोलीजवळच्या मुरुड गावी. पूर्वजांच्या काळी घराण्यास बरे दिवस होते. परंतु धोंडोपंतांच्या लहानपणी ते सरलेले होते. वडील केशवपंत तुटपुंज्या वेतनावर कारभारीपण करीत. आई मोठी मानी होती. बडोद्याच्या संस्थानिकांकडून ब्राह्मणांस दक्षिणा वाटली जात असल्याची वार्ता एकदा गावात आली. घरात पैशाची चणचण असताही या माउलीने आपल्या मुलांस ती घेण्यास जाऊ दिले नाही. दान घेण्याविषयीचा हा संकोच मुलाच्या मनात खोल रुजला. पुढे ज्या माणसाने अर्धे आयुष्य दारोदार वर्गणी मागण्यात घालविले, त्याने स्वतःसाठी मात्र कधी हात पसरला नाही, याचे मूळ त्या घरात शोधावे लागते.

सहावीची परीक्षा देण्यासाठी हा मुलगा मुरुडहून साताऱ्यापर्यंत, सह्याद्रीचा घाट चढून, शंभर मैलांहून अधिक अंतर पायी चालत गेला. परीक्षेस बसण्यास सतरा वर्षे वय पूर्ण असणे अवश्य होते. ते झालेले होते. पण अंगलट लहानखोर असल्यामुळे परीक्षकांचा विश्वास बसेना आणि त्याला परत पाठविण्यात आले. पुढील वर्षी कोल्हापुरास ती परीक्षा त्याने दिली. १८८१ साली तो मुंबईस मॅट्रिक झाला आणि १८८४ साली एल्फिन्स्टन महाविद्यालयातून गणित विषय घेऊन बी. ए. झाला. हे सर्व शिक्षण शिकवण्या करून, दुसऱ्यांच्या मुलांस गणित शिकवून झालेले होते.

याच शिकवण्यांच्या दिवसांत त्यांच्या दानाचा प्रारंभ झाला. आपल्या मिळकतीतील रुपयामागे काही ठराविक भाग धर्मादायासाठी बाजूस काढावयाचा, असा नियम त्यांनी विद्यार्थिदशेतच स्वतःस घालून घेतला. वरवर पाहता ही गोष्ट क्षुल्लक वाटेल. परंतु पुढील सत्तर-पाऊणशे वर्षांच्या दानशीलतेचे सारे मर्म या नियमात साठविलेले आहे. सामान्य गृहस्थ आपला खर्च भागवितो आणि काही उरल्यास दान देतो. सामान्यतः काही उरत नाही, त्यामुळे दानही होत नाही. कर्वे यांनी समीकरणाची बाजू पालटली. दान आधी वजा करावयाचे आणि जे उरेल त्यात संसार बसवावयाचा. गणिताच्या शिक्षकास शोभेल अशीच ही वजाबाकी होती. तीत भावनेच्या भराला जागा नव्हती, आणि म्हणूनच भर ओसरल्यावर ती थांबलीही नाही.

या वजाबाकीचा पहिला लाभ त्यांच्या गावास मिळाला. मुरुड गावच्या हितासाठी त्यांनी ‘मुरुड फंड’ उभारला. पोटासाठी मुंबईस गेलेल्या माणसाने आपल्या गावाची आठवण ठेवून काही धाडावे, ही कोकणातील जुनी चाल. कर्वे यांनी तिला हिशेबाची आणि नियमितपणाची जोड दिली. गावचे पैसे गावच्या कामी लागावेत, आणि ते कसे लागले हे प्रत्येकास पाहता यावे, हा त्यातील कटाक्ष होता.

१८९१ साली त्यांच्या पहिल्या पत्नी राधाबाई निवर्तल्या. त्याच वर्षी गोपाळ कृष्ण गोखले यांच्या बोलावण्यावरून ते पुण्यास फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे अध्यापक म्हणून रुजू झाले. लोकमान्य टिळक संस्थेतून बाहेर पडल्यामुळे ती जागा रिकामी झालेली होती. डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सभासदांनी अल्प वेतनावर वीस वर्षे सेवा करावी, असा दंडक होता. दरमहा पंच्याहत्तर रुपये हे ते वेतन. मुंबईस तीन-तीन शाळांतून शिकवून मिळकत करणाऱ्या कर्वे यांना हा सौदा फायद्याचा खास नव्हता. परंतु हेही एक प्रकारचे दानच होते. बाजारात आपल्या श्रमाला जो भाव मिळाला असता आणि संस्थेने जो दिला, त्या दोहोंमधील अंतर हे त्या पिढीतील आजीव सभासदांनी महाराष्ट्राला दिलेले दान होय. त्याची पावती कोणी फाडली नाही, पण त्याच्यावर महाविद्यालये उभी राहिली.

११ मार्च १८९३ रोजी कर्वे यांनी गोदूबाई जोशी या विधवेशी विवाह केला. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातील त्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी. विवाहानंतर त्यांचे नाव आनंदीबाई झाले. घरात आणि आश्रमात त्या ‘बाया’ म्हणून ओळखल्या जात. विवाहाची वार्ता मुरुडास पोचताच गावाने कर्वे यांच्यावर बहिष्कार घातला. जो त्यांना घरात घेईल त्यालाही वाळीत टाकावयाचे, असे ठरले. मुलगा गावी आला तरी आईच्या घरात त्याला उजळ माथ्याने राहता येईना. ज्या गावासाठी रुपयामागे काही पैसे बाजूस पडत होते, त्याच गावाने देणाऱ्यास दार लावले! येथे कर्वे यांचा स्वभाव कसास लागला. त्यांनी गावाविरुद्ध लेखणी चालविली नाही, की आपल्या उपकारांची यादी वाचून दाखविली नाही. दानाने कृतज्ञता विकत मिळते, अशी त्यांची कल्पनाच नव्हती. त्यामुळे ती न मिळाल्याचे दुःखही त्यांनी जगापुढे मांडले नाही.

१८९६ साली डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्या अध्यक्षतेखाली अनाथ बालिकाश्रमाची मंडळी स्थापन झाली. तिच्या निधीत पहिली मोठी भर कर्वे यांच्या स्वतःच्या शिलकेची होती. वर्षानुवर्षे साठविलेले एक हजार रुपये त्यांनी त्यात टाकले. पुढे पुण्यात प्लेगने कहर केला. १९०० साली आश्रम शहराबाहेर हिंगण्यास हलला. रावबहादुर गणेश गोविंद गोखले यांनी त्यासाठी सहा एकर जमीन आणि झोपडी बांधण्यास साडेसातशे रुपये दिले. तेथे जाण्यास धड रस्ता नव्हता. दिवसभर महाविद्यालयात त्रिकोणमिती शिकवावी, संध्याकाळी बाजारहाट करून गाठोडे पाठीवर घ्यावे, चार मैलांची चिखलाची वाट तुडवीत हिंगण्यास पोचावे, रात्री आश्रमातील मुलींस शिकवावे आणि सकाळी पुन्हा पुण्याची वाट धरावी, असा क्रम कित्येक महिने चालला. पैशाच्या दानाची नोंद वहीत होते. या पायपिटीची नोंद कोणत्या सदरात करावी?

सुट्टी लागली की ते वर्गणीसाठी बाहेर पडत. त्यांची मागण्याची पद्धती त्यांच्या देण्याच्या पद्धतीसारखीच होती. मोठ्या रकमेचा आग्रह नाही, लहान रकमेचा अनादर नाही. चार आणे देणाऱ्याचे नावही हिशेबात यावयाचे. संस्थेचा अहवाल छापून वर्गणीदारांच्या हाती द्यावयाचा, यावर त्यांचा भर असे. विधवाविवाहाच्या नावाने कानांवर हात ठेवणारे कित्येक सनातनी गृहस्थही आश्रमास मदत करीत, याचे एक कारण हे होते की, या माणसाच्या वहीवर त्यांचा विश्वास होता. मतांचे अंतर हिशेबाच्या चोखपणाने काही अंशी भरून निघते, ही गोष्ट सार्वजनिक कार्यकर्त्यांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. आनंदीबाईंच्या भगिनी पार्वतीबाई आठवले यांनीही आश्रमासाठी गावोगाव फिरून निधी जमविला आणि पुढे त्याच कामी त्या अमेरिकेपर्यंत जाऊन आल्या.

येथपर्यंतची हकीकत वाचून दात्याचा गौरव करावासा वाटणे स्वाभाविक आहे. परंतु इतिहासाने दात्याच्या घरातही डोकावले पाहिजे. आश्रमाची निकड वाढली तेव्हा कर्वे यांनी आपल्या आयुष्याच्या विम्याची पॉलिसीही संस्थेच्या नावे करून टाकली. वेतन थोडे, मुले लहान. आणि पतीच्या मागे पत्नीस जो एक आधार राहावयाचा, तोही गेला. आनंदीबाईंच्या जिवाला याचा चटका बसला, त्यांनी आपली नाराजी लपविलीही नाही. यातील विसंगती मोठी बोचक आहे. निराधार विधवेची दशा काय असते, हे महाराष्ट्रात कर्वे यांच्याइतके जवळून क्वचितच कोणी पाहिले असेल. आणि त्याच कर्वे यांनी स्वतःच्या पत्नीच्या संभाव्य वैधव्याची तरतूद परक्या विधवांना देऊन टाकली. शिवाय आनंदीबाईंनी ते दुःख एकदा भोगलेले होते.

गृहस्थाच्या मिळकतीवर संपूर्ण अधिकार त्याचा एकट्याचा असतो काय? ज्यांना विचारले नाही त्यांच्या वाट्याचे दान करता येते काय? आपल्याकडील हरिश्चंद्राची कथा हाच प्रश्न विचारते. परंतु कथेतील तारामतीस बोलावयास फारसा अवसर मिळत नाही. आनंदीबाईंनी तो घेतला. ‘माझे पुराण’ या आपल्या आत्मचरित्रात त्यांनी संसाराची बाजू रोखठोक शब्दांत मांडली आहे, आणि हे पुस्तक कर्वे यांच्या ‘आत्मवृत्ता’शेजारी ठेवूनच वाचले पाहिजे. पतीच्या दानाचा भार पत्नीने उचलला, हे त्या दोन पुस्तकांच्या मधल्या जागेत स्पष्ट दिसते. काटकसर करून घर चालविणारी बाईही त्या दानात समभागी होती; फरक इतकाच की वर्गणीदारांच्या यादीत तिचे नाव नव्हते.

कर्वे यांच्या बाजूनेही काही सांगता येईल. विम्याच्या रकमेने एका विधवेचे काही दिवस निभावले असते. शिक्षणाने अनेकींचे आयुष्य निभावेल, असा त्यांच्या वर्तनाचा अर्थ दिसतो. आनंदीबाईंपाशी शिक्षण होते, धैर्य होते, स्वतःच्या पायांवर उभे राहण्याची कुवत होती. दैवगतीही अशी की, त्या विम्याचा प्रश्न पुढे उद्भवलाच नाही. आनंदीबाई १९५० साली, पतीच्या बारा वर्षे आधी, वारल्या. तथापि निकाल चांगला लागला म्हणून उदाहरणाची रीत बरोबर ठरत नाही, हे गणिताच्या प्राध्यापकाने तरी मान्य केले असते. या दानातील तो सल तसाच राहू द्यावा, हेच सत्याला धरून होईल.

१९१४ साली कर्वे महाविद्यालयातून निवृत्त झाले. छप्पन्नाव्या वर्षी माणूस विश्रांतीचा विचार करतो. कर्वे यांच्या हाती काही काळापूर्वी जपानमधील महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका टपालाने आलेली होती. ती त्यांनी पुन्हा बाहेर काढून वाचली. १९१५ च्या डिसेंबरात मुंबईस भरलेल्या राष्ट्रीय सामाजिक परिषदेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले, तेव्हा त्यांनी स्त्रियांसाठी, मातृभाषेतून शिकविणारे स्वतंत्र विद्यापीठ काढण्याची कल्पना मांडली. १९१६ च्या जूनमध्ये ते विद्यापीठ सुरूही झाले. डॉ. भांडारकर त्याचे पहिले कुलपती आणि रँग्लर परांजपे पहिले कुलगुरू. महाविद्यालयाच्या पहिल्या वर्गात विद्यार्थिनी होत्या अवघ्या चार-पाच. सरकारी मान्यता नाही, पदवीला बाजारात भाव नाही, अशा विद्यापीठाचा डोलारा एका निवृत्त शिक्षकाने केवळ वर्गणीच्या आधारावर उभा केला.

१९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी या विद्यापीठास पंधरा लाख रुपयांची देणगी जाहीर केली आणि त्यांच्या मातोश्री नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव विद्यापीठास मिळाले. चार-चार आणे जमविणाऱ्या माणसाच्या कामावर लक्षाधीशाने विश्वास टाकावा, हा त्या लहान वर्गणीदारांचाही विजय होता. आधी त्यांनी झाड लावले नसते, तर पाणी घालण्यास शेटजी आले नसते. मात्र मोठ्या देणगीबरोबर अटीही येतात. विद्यापीठाचे ठिकाण पुणे असावे की मुंबई, यांसारखे प्रश्न त्यातून उपस्थित झाले आणि १९३६ साली विद्यापीठाचे मुख्य कार्यालय मुंबईस गेले. लहान दान अटी घालीत नाही, परंतु ते पुरेही पडत नाही. मोठे दान पुरते, परंतु ते संस्थेस आपल्या दिशेने ओढते. लोकाश्रयावर चालणाऱ्या प्रत्येक संस्थेला या दोहोंमधून वाट काढावी लागते. कर्वे यांनी देणगीचे आभार मानले आणि वर्गणी गोळा करणे चालूच ठेवले. १९२९ साली, एकाहत्तराव्या वर्षी, ते युरोप, अमेरिका आणि जपान असा प्रवास करून आले. त्यानंतर सुमारे सव्वा वर्ष आफ्रिकेत हिंडून तेथील हिंदी रहिवाशांकडून त्यांनी निधी आणला.

विद्यापीठाचे कार्यालय मुंबईस गेले त्याच वर्षी, १९३६ साली, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या या वृद्धाने महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ स्थापन केले. ज्या खेड्यांत लोकल बोर्डाची शाळा नाही, तेथे शाळा काढावयाची, हा त्याचा उद्देश. प्रारंभीचा पैसा कोठून आला? पुन्हा तीच वजाबाकी! आपल्या अल्प निवृत्तिवेतनातून दरमहा ठराविक रक्कम त्यांनी बाजूस काढली. स्वतः खेड्यापाड्यांतून हिंडून त्यांनी वर्गण्या मिळविल्या. विद्यार्थिदशेतील रुपयामागील तो भाग आणि वार्धक्यातील पेन्शनमधील हा भाग, यांच्यामध्ये पन्नासांहून अधिक वर्षे उलटली होती. नियम मात्र एकच होता. १९४४ साली, जातिभेद नाहीसा व्हावा या हेतूने, त्यांनी समता संघ काढला, तेव्हा त्यांचे वय शहाऐंशी होते.

१९५१ साली महिला विद्यापीठास कायद्याची मान्यता मिळाली. १९५७ साली मुंबई विद्यापीठाने आपल्या या जुन्या पदवीधरास एल्एल्. डी. ही सन्माननीय पदवी दिली. १९५८ साली कर्वे यांनी वयाची शंभर वर्षे पूर्ण केली आणि त्यांना ‘भारतरत्न’ देण्यात आले. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी ते पुण्यास निवर्तले.

ते १९५८ साल आणखी एका कारणाने ध्यानात ठेवण्यासारखे आहे. त्याच वर्षी, २३ ऑगस्ट रोजी, औरंगाबादेस मराठवाडा विद्यापीठाचे उद्घाटन झाले आणि घाटनांदूरच्या मुलास, तसेच मुलीसही, विद्यापीठासाठी हैदराबादेची वाट धरण्याचे कारण उरले नाही. परंतु विद्यापीठ येण्यापूर्वी शाळा यावी लागते, आणि मराठवाड्यात निजामी अमदानीतही काही शाळा लोकांनी लोकांच्या पैशावर चालविल्या. घाटनांदूरच्याच तालुक्यात अंबाजोगाईचे योगेश्वरी विद्यालय अशांपैकी एक. स्वामी रामानंद तीर्थ यांनी तेथे मुख्याध्यापकाचे काम केले होते. मास्तरांनी कमी पगार घेतला, पालकांनी वर्गणी दिली, कोणी धान्य घातले, अशा रीतीने या शाळा जगल्या. तेथील कित्येक दात्यांची नावे आज कोणासही ठाऊक नसतील. कर्वे यांचे नाव राहिले. पण रीत दोघांची एकच होती.

आजही घाटनांदूरसारख्या गावातून शिकून बाहेर पडलेली, कोठे तरी कचेरीत वा महाविद्यालयात नोकरी करणारी माणसे पुष्कळ आहेत. ती लक्षाधीश नाहीत, आणि कर्वेही नव्हते. महिन्याच्या पहिल्या तारखेस हाती येणाऱ्या रकमेतून संसाराच्या आधी समाजाचा वाटा काढावा आणि तो काढताना घरातील माणसांस विश्वासात घ्यावे, एवढाच धडा या चरित्रात आहे. त्यातील पहिला अर्धा भाग कर्वे यांनी शिकविला. दुसरा शिकविला तो आनंदीबाईंनी.